‘बँकेतून बोलतोय’ असे फोन सारखे येतात? लक्षणं, तपासणी आणि कुठे थांबायचं

खात्यातून पैसे गेले असतील तर हे वाचत बसू नका. आधी १९३० (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) लावा, मग बँकेच्या टोल-फ्री नंबरवर खातं आणि कार्ड बंद करायला सांगा. बाकीचं खाली ‘पैसे गेले असतील तर’ या भागात आहे. पैसे अजून जागेवर असतील, तर सुरुवातीपासून वाचा.

खान्देशात या फोनांची कारणं हंगामाप्रमाणे बदलतात. पीएम किसानचा हप्ता जमा व्हायच्या दिवसांत ‘ई-केवायसी’, कापूस विकला की ‘आधार लिंक नाही म्हणून पेमेंट अडकलंय’, लाडक्या बहिणीसाठी ‘फॉर्ममध्ये चूक आहे’, भुसावळच्या रेल्वे पेन्शनरांसाठी ‘हयातीचा दाखला’. कारण कोणतंही असो, समोरच्याला चारपैकी एक गोष्ट हवी असते: ओटीपी, यूपीआय पिन, कार्डावरचे आकडे किंवा तुमच्या फोनचा ताबा. तपासणीही या चार गोष्टींभोवतीच फिरते.

लक्षणं

पहिल्या प्रकारात नुसते फोन आणि मेसेज येतात. केवायसी संपली, एटीएम बंद पडणार, पॅन जोडलेलं नाही, कार्डाचे पॉइंट आज रात्री वाया जाणार. यात तुमच्या फोनमध्ये काहीही बिघाड नाही. तुमचा नंबर कोणाच्या तरी यादीत गेला आहे, एवढंच.

दुसऱ्या प्रकारात काहीतरी आत शिरलेलं असतं किंवा शिरायच्या बेतात असतं:

- तुम्ही काही केलं नसताना ओटीपी येतात.
- उलट, मागितलेले ओटीपी येतच नाहीत. बाकीचे मेसेज मात्र येतात.
- खात्यातून रुपया-दोन रुपये जातात किंवा अनोळखी नावाने येतात.
- लोक म्हणतात, ‘तुला फोन लावला तर दुसऱ्याच कोणी उचलला.’
- तुमच्या व्हॉट्सॲपवरून नातेवाइकांना एखादी फाइल गेली, तुम्ही पाठवलीच नव्हती.
- परवा टाकलेल्या ॲपचं चिन्ह आता स्क्रीनवर दिसत नाही.
- घरात बाकीच्यांना रेंज आहे आणि त्याच कंपनीचं तुमचं सिम मात्र ‘नो सर्व्हिस’ दाखवतंय.

पहिल्या प्रकाराला पहिल्या तीन तपासण्या पुरतात. दुसऱ्यातलं एकही लक्षण असेल तर सगळ्या करा. शेवटची दोन लक्षणं असतील तर क्रम सोडा: ॲप गायब असेल तर थेट सहावी, रेंज गेली असेल तर थेट सातवी तपासणी.

१. फोन ठेवा, पासबुक काढा

दोन मिनिटांचं काम, खर्च शून्य, आणि बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात. समोरचा बोलत असतानाच फोन कापायचा. उत्तर द्यायचं नाही, भांडायचं नाही, ‘थांबा, विचारून सांगतो’ असंही म्हणायचं नाही. मग पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागे छापलेला टोल-फ्री नंबर स्वतः लावायचा आणि विचारायचं की माझ्या खात्यावर काही काम बाकी आहे का.

नंबर गूगलवर शोधायचा नाही. ‘कस्टमर केअर’ शोधलं की वर येणाऱ्या नंबरांत चोरांनी टाकलेले नंबरही असतात. तिथे तुम्ही आपणहून फोन केलेला असतो, त्यामुळे शंका घ्यायचंही सुचत नाही.

फोनवरचा माणूस खरा वाटतो, कारण तो पुरावे देतो. ते पुरावे तपासून पाहा. ‘तुमचं कार्ड ६५२ ने सुरू होतं ना?’ कार्डावरचे पहिले आकडे हे बँकेचे आणि कार्डाच्या प्रकाराचे असतात. त्या बँकेचं तसलंच कार्ड असलेल्या तुमच्या शेजाऱ्याचेही तेच. ‘तुमची शाखा अमुक, आयएफएससी तमुक.’ आयएफएससी हा शाखेचा कोड, तो जगजाहीर असतो. ‘तुम्ही पीएम किसानचे लाभार्थी आहात.’ गावनिहाय लाभार्थी यादी सरकारी पोर्टलवर कोणालाही उघडता येते. नाव, गाव, वडिलांचं नाव, आधारचे शेवटचे चार आकडे हे झेरॉक्सच्या दुकानातून, लकी ड्रॉच्या कुपनातून, जुन्या फॉर्मांतून फिरत असतात. यातल्या कशानेही समोरचा बँकेतला ठरत नाही.

बोलीवरूनही अंदाज बांधू नका. हिंदीत बोलला म्हणून खोटा, असं नाही; शाखेत बदलीवर आलेले बाहेरच्या राज्यांतले कर्मचारी असतातच. आणि ‘भाऊ, मी जळगावहूनच बोलतोय’ असं चांगल्या मराठीत म्हणाला म्हणून खरा, असंही नाही.

केवायसीचं भय कायमचं घालवायला एवढं माहीत असलं की पुरे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे केवायसी नव्याने करायची मुदत खातेदाराच्या जोखमीवर ठरते: जास्त जोखमीला दोन वर्षं, मध्यम जोखमीला आठ, कमी जोखमीला दहा. जून २०२५ च्या दुरुस्तीनुसार मुदत संपण्याआधी बँकेने किमान तीन सूचना द्यायच्या, त्यांतली एक तरी पत्राने. मुदत उलटल्यावरही तीन आठवणी, त्यांतही एक पत्र. पत्त्यात किंवा माहितीत बदल नसेल तर स्वतःच्या सहीचं निवेदन चालतं आणि ते शाखेत किंवा बँक मित्राकडे (गावात बँकेची कामं करणारा प्रतिनिधी) देता येतं. ‘आज रात्री बारा वाजता खातं बंद’ अशी तरतूदच नाही.

२. नंबर आणि मेसेजचा शेवट पाहा

बँकांनी सेवेसंबंधीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून करावेत, असा नियम झाला आहे. व्यापारी बँकांना त्यासाठी १ जानेवारी २०२६ ची मुदत होती. सहकारी आणि ग्रामीण बँकांना त्यानंतरची. जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होतात. साध्या दहा आकडी मोबाइलवरून ‘हेड ऑफिसमधून बोलतोय’ म्हणणारा माणूस तिथेच नापास. एक अपवाद ध्यानात ठेवा: गावच्या शाखेतला ओळखीचा कर्मचारी कर्जाच्या कागदांसाठी मोबाइलवरून फोन करू शकतो. पण तोही ओटीपी मागणार नाही. तो शाखेत बोलावेल.

मेसेजचं पाठवणाऱ्याचं नाव पाहा. बँकेचा मेसेज मोबाइल नंबरवरून येत नाही, अक्षरांच्या नावाने येतो, आणि २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी डॅश देऊन एक अक्षर असतं: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी मेसेजला जी. ‘तुमचं खातं बंद होतंय’ हा मेसेज दहा आकडी नंबरवरून आला असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

वेबसाइटचंही तसंच. रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ हा पत्ता दिला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर यायला सांगितलं. पत्ता शेवटाकडून वाचा. सुरुवातीला बँकेचं नाव कोणीही घालू शकतं. शेवट मात्र बँकेशिवाय दुसऱ्याला मिळत नाही.

नंबर ब्लॉक करून फारसं साधत नाही, उद्या दुसरा नंबर येतो. १९०९ वर डीएनडी (जाहिरातीचे फोन नको अशी नोंद) लावल्याने जाहिराती कमी होतात, चोर नाही. त्यापेक्षा दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर किंवा ॲपमध्ये ‘चक्षू’ नावाची सोय आहे, तिथे तो नंबर कळवा. पैसे गेलेले नसताना आलेल्या फसव्या फोनसाठीच ती आहे.

आणि उलट बाजूने: १६०० वरून फोन आला म्हणून ओटीपी सांगायचा, असं मुळीच नाही. ओटीपी कोणालाच सांगायचा नसतो.

३. ओटीपीचा मेसेज शेवटपर्यंत वाचा

लोक सहा आकडे वाचतात आणि थांबतात. त्याच मेसेजमध्ये हा ओटीपी कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं: किती रुपये, कोणाला, किंवा ‘नेट बँकिंगची नोंदणी’, ‘यूपीआय पिन बदल’. फोनवरचा म्हणतो ‘व्हेरिफिकेशन कोड आहे’ आणि मेसेज म्हणतो १९,९९९ रुपये. मेसेज इंग्रजीत असला तरी रकमेचा आकडा कोणालाही वाचता येतो. घरातल्या आबांना आणि मावशींना एवढं एकच शिकवलं तरी बराच बचाव होतो: आकडा वाचा, आकडा.

न मागता ओटीपी येत असतील तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. कोणीतरी तुमच्या नंबरावर किंवा कार्डावर प्रयत्न करतंय आणि ओटीपीपाशी अडलंय. पाचवी तपासणी त्याच दिवशी उरका.

यूपीआयमध्ये फसवणारे तीन गोष्टी मागतात. ते का मागतात ते कळलं की सापळा दिसतो:

कार्डाचे *शेवटचे* सहा आकडे आणि मुदतीचा महिना-वर्ष. नवा यूपीआय पिन बसवायला नेमकं एवढंच आणि वर एक ओटीपी लागतो. सोळाच्या सोळा आकडे सांगितले नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका.

‘हा मेसेज अमुक नंबरला पुढे पाठवा.’ त्या मेसेजमध्ये अर्थ नसलेली लांबलचक अक्षरं असतात. यूपीआय ॲप नोंदवताना तुमच्या सिमवरून असाच एक एसएमएस जातो आणि त्यावरून फोन-नंबरची जोडी जुळते. तुम्ही तो पाठवला की तुमचा नंबर त्यांच्या फोनवर नोंदवला जायची वाट मोकळी होते.

‘पैसे मिळवायला पिन टाका.’ पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. एकमेकांकडून पैसे मागायची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच झाली आहे, त्यामुळे आता क्यूआर कोड पाठवून ‘स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणतात. स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच.

४. कॉल फॉरवर्डिंग

पार्सलवाला, बँकवाला किंवा मोबाइल कंपनीवाला सांगतो की स्टार, काही आकडे, मग एक मोबाइल नंबर आणि हॅश डायल करा. त्याने तुमचे येणारे फोन त्या नंबरवर वळतात. एसएमएस वळत नाहीत. पण ओटीपी फोनवर ऐकायची सोय बऱ्याच ठिकाणी असते, व्हॉट्सॲपही कोड फोन करून सांगतं, आणि बँकेने संशय येऊन तुम्हाला फोन केला तर तो चोरच उचलतो.

तपासायला *#२१# डायल करा. ‘व्हॉइस कॉल फॉरवर्डिंग: नाही’ अशा अर्थाचं उत्तर आलं की ठीक. अनोळखी नंबर दिसला तर त्याचा फोटो काढून ठेवा आणि ##००२# डायल करून सगळं फॉरवर्डिंग रद्द करा. काही कंपन्यांच्या सिमवर कोडला नीट उत्तर येत नाही. तेव्हा फोनच्या डायलरमध्ये सेटिंग्ज, मग कॉल फॉरवर्डिंग, आणि तिथल्या चारही ओळी पाहा. ‘फोन लागत नसेल तेव्हा’ या ओळीत कधीकधी कंपनीचाच मिस्ड कॉल अलर्टचा नंबर असतो, तो पाहून दचकू नका. ‘नेहमी फॉरवर्ड करा’ या ओळीत मात्र काही असलं तर ते तुम्ही स्वतः घातलेलंच असायला हवं.

५. दारं बंद करा: कार्ड, यूपीआय, अंगठा

अर्ध्या तासाचं काम. फोनमध्ये नको ते ॲप शिरल्याची शंका असेल तर हे त्या फोनवरून करू नका. शाखेत जाऊन करा.

कार्ड: बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये ऑनलाइन, परदेशी आणि वायफाय (कार्ड नुसतं टेकवून होणारे) व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करता येतात. २०२० पासून ही सोय देणं बँकांना बंधनकारक आहे. कार्ड फक्त एटीएमसाठी वापरत असाल तर बाकी सगळं बंद ठेवा.

यूपीआय: मर्यादा रोजच्या खर्चाइतकी उतरवा. याहून चांगला उपाय म्हणजे दोन खाती. कापसाचे, केळीचे, पेन्शनचे पैसे येतात त्या खात्याला यूपीआयच जोडायचं नाही. किराणा, पेट्रोल, रिचार्जसाठी दुसरं खातं, त्यात दोन-पाच हजार. आमच्या मते सगळ्या उपायांत हा एक सर्वांत भारी आहे, कारण यात माणसाने सावध राहण्यावर फारसं अवलंबून नाही. यूपीआयवर चूक झाली तरी नुकसान बहुधा त्या दोन-पाच हजारांपुरतं.

अंगठा: आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा यांवर बँक मित्राकडे पैसे निघतात. त्याला ओटीपी लागत नाही. ठशांची नक्कल करून पैसे काढल्याचे प्रकार झाले आहेत. आधारच्या अधिकृत ॲपवर किंवा वेबसाइटवर बायोमेट्रिक लॉक करता येतं. अडचण आली तर १९४७ वर मदत मिळते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढच्या महिन्यात रेशन दुकानात वाद होतो: लॉक असताना रेशनचा आणि योजनांच्या केवायसीचा अंगठाही चालत नाही. जाण्याआधी थोड्या वेळापुरतं अनलॉक करा. घरात स्मार्टफोन चालवणारं कोणी नसेल तर लॉकच्या भानगडीत न पडता शाखेत अर्ज देऊन आधारवरून पैसे काढायची सोय त्या खात्यापुरती बंद करायला सांगणं सोपं.

६. शिरलेलं ॲप शोधा

सर्वांत जास्त बिघाड इथे सापडतो, आणि फोन सारखे का येतात याचं उत्तरही पुष्कळदा इथेच असतं.

व्हॉट्सॲपवर फाइल येते: ‘पीएम किसान यादी’, ‘आरटीओ चलान’, ‘बँक रिवॉर्ड’, ‘लग्नपत्रिका’. नावाच्या शेवटी ‘डॉट एपीके’ असतं. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे ॲप. पाठवणारा ओळखीचा, अगदी सख्खा मावसभाऊ असला तरी उपयोग नाही, कारण त्याच्या फोनमध्ये शिरलेलं ॲपच ती फाइल पुढे ढकलत असतं. उघडल्यावर फोन ‘अज्ञात ॲपला परवानगी’ विचारतो, मग एसएमएस वाचायची, मग ‘ॲक्सेसिबिलिटी’ची. परवानग्या मिळाल्या की बरेचदा चिन्ह नाहीसं होतं आणि माणूस समजतो की ॲप चाललंच नाही. ते मागे बसून तुमचे ओटीपी दुसरीकडे पाठवत असतं.

क्रम असा ठेवा:

आधी एअरप्लेन मोड, आणि वायफाय बंद आहे ना ते बघा. नुसता डेटा बंद करून भागत नाही. काही ॲप एसएमएसने माहिती पाठवतात, म्हणून सिमचाही संपर्क तोडायचा.

फोन बंद करून सिम काढा आणि साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला. हजार-बाराशेचाही चालेल, शेजाऱ्याचाही चालेल; फक्त जिओचं सिम असेल तर तो फोन ४जी असायला हवा. आता येणारे ओटीपी अशा फोनवर येतात जिथे ते चोरणारं ॲप चालूच शकत नाही. बँकेला फोनही याच फोनवरून करा: नेट बँकिंग आणि यूपीआय थांबवा, कार्ड बंद करा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या चांगल्या फोनवरून. बिघडलेल्या फोनवर पासवर्ड बदलणं म्हणजे नवीन किल्ली चोरासमोरच घडवून घेणं.

मग बिघडलेला फोन, सिमशिवाय, सेफ मोडमध्ये चालू करा. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत पॉवर बटण दाबून ‘पॉवर ऑफ’ या पर्यायावर बोट दाबून धरलं की सेफ मोडचं विचारतो; काहींत चालू होताना आवाज कमी करायचं बटण धरावं लागतं. सेफ मोडमध्ये बाहेरून टाकलेली ॲप चालत नाहीत, त्यामुळे ती काढू देतात.

सेटिंग्ज, ॲप्स, सर्व ॲप्स. नाव आणि चिन्हावर विश्वास ठेवू नका. टाकल्याची तारीख पाहा. बँकेचं किंवा सरकारी योजनेचं नाव असलेलं पण प्ले स्टोअरवरून न आलेलं, किंवा चिन्ह कोरं आणि नावच नाही असं काही दिसलं तर तेच. ‘अनइन्स्टॉल’ फिकट दिसून दाबलं जात नसेल तर त्या ॲपने ‘डिव्हाइस ॲडमिन’चा हक्क घेतलेला असतो. सेटिंग्जच्या शोधपट्टीत हे शब्द लिहून तो हक्क आधी काढा. तिथेच ‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि ‘अज्ञात ॲप इन्स्टॉल’ याही याद्या पाहा. व्हॉट्सॲप, ब्राउझर आणि फाइल मॅनेजर यांना ॲप टाकायची परवानगी असेल तर काढून टाका. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्विकसपोर्ट, रस्टडेस्क यांपैकी काही असेल आणि तुमच्या कामाचं नसेल तर तेही काढा. ही ॲप स्वतः वाईट नाहीत, पण कोणाच्या तरी सांगण्यावरून टाकली असतील तर तुमची स्क्रीन तो पाहत होता.

शेवटी फोन नेहमीसारखा चालू करून वायफायवर प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट (ॲप तपासायची सोय) चालवा. ते बंद केलेलं आढळलं तर समजा, ॲप टाकताना कोणीतरी ते बंद करायला लावलं होतं. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडा आणि ओळखीचं नसलेलं यंत्र लॉगआउट करा.

७. सिम

रेंज अचानक गेली, दुसऱ्या फोनमध्येही ते सिम चालत नाही, तर तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम निघाल्याची शक्यता धरा. दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला सांगून व्यवहार थांबवा, मग कंपनीच्या कस्टमर केअरला, मग ओळखपत्र घेऊन कंपनीच्या अधिकृत दालनात. क्रम उलटा करू नका. ‘टॉवरचं काम चालू असेल’ म्हणत संध्याकाळपर्यंत वाट पाहण्यातच घोळ होतो.

सिम ठीक असेल तरी संचार साथीवर आपल्या नावाने किती मोबाइल नंबर चालू आहेत ते पाहून घ्या आणि अनोळखी नंबर कळवा. बँकेत नोंदवलेला मोबाइल तुमचाच आणि चालू आहे ना, हेही पाहा. मुंबई-सुरतला गेलेल्या मुलाचा जुना नंबर खात्याला जोडलेला असतो आणि वडिलांना पैसे गेल्याचा मेसेजच येत नाही, हे इकडे फार दिसतं.

८. फॅक्टरी रिसेट (फोन पूर्ण कोरा करणं)

सहावी तपासणी करूनही ॲप निघत नसेल किंवा पुन्हा उगवत असेल तरच. रिसेटने पुरावाही पुसला जातो. आधी चोराचा नंबर, चॅट, फाइलचं नाव, मेसेज यांचे दुसऱ्या फोनने फोटो काढा. तक्रार द्यायची असेल तर ती देऊन, पोलिसांना विचारून मगच रिसेट. फोटो आणि नंबर वेगळे ठेवा. सगळा बॅकअप जसाच्या तसा परत ओतू नका, ॲप एकेक करून प्ले स्टोअरवरून टाका.

इथे थांबा

घरगुती तपासणी थांबवून बँक आणि पोलिसांकडे जायची वेळ ही: पैसे गेले, बँकेत नोंदवलेला मोबाइल किंवा ईमेल बदलला गेला, तुमच्या नावाने कर्ज उचललं गेलं किंवा मुदतठेव मोडली गेली, डुप्लिकेट सिम निघालं, अनोळखी पैसे जमा होऊन खातं गोठवलं गेलं, किंवा कोणी व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देतंय. अशी अटक कायद्यात नाही. खातं गोठलेलं असताना जमा झालेली रक्कम ‘चुकून आली’ म्हणणाऱ्याला परत पाठवू नका. शाखेला लेखी कळवा. फोनचं सॉफ्टवेअर हाताळायचं असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या, आणि दुकान कोणतंही असो, देण्याआधी सिम काढून घ्या.

पैसे गेले असतील तर

१९३०. लागला नाही तर पुन्हा लावा, आणि सोबतच सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरा. घाई अशासाठी, की गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात फिरून एटीएममधून निघतात. निघण्याआधी तक्रार पोचली तर वाटेतल्या खात्यात ते अडवता येतात. निघाल्यावर अडवायला काही उरत नाही.

फोन लावताना हातात असू द्या: खाते क्रमांक, व्यवहाराची तारीख-वेळ-रक्कम, यूपीआयचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, ज्याला गेले त्याचा यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक, आणि फोन आलेला नंबर. तक्रारीचा पोच क्रमांक लिहून घ्या.

त्याच बैठकीत बँकेचा टोल-फ्री नंबर. शनिवार-रविवार आला म्हणून सोमवारपर्यंत शाखा उघडायची वाट पाहू नका; अशी तक्रार घेण्याची सोय बँकेने चोवीस तास ठेवायची असते. इथेही तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या, कारण पुढचा हिशोब त्या वेळेवर ठरतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमाप्रमाणे, चूक तुमची नाही, बँकेचीही नाही आणि तिसऱ्याच ठिकाणी गळती झाली, तर तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवलं तर मर्यादित: मूलभूत बचत खात्याला जास्तीत जास्त ५,००० रुपये, साध्या बचत खात्याला १०,०००. ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून ओटीपी दिला असला तरी लाजून गप्प बसू नका; अजून खात्यात आहे ते वाचतं. सहकारी बँकांसाठीही असंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालं.

दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर शिक्का घ्या. रक्कम मोठी असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या सायबर पोलिसांकडे जा; जवळच्या ठाण्यातही तक्रार देता येते, ‘हद्द आमची नाही’ हे कारण चालत नाही. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर विनामूल्य तक्रार होते, माहितीसाठी १४४४८. तिथे बँकेला दिलेल्या तक्रारीची प्रत लागते.

तक्रारीनंतर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो: ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, सोडवायला फी भरा.’ पैसे परत द्यायला पोलीस, बँक किंवा लोकपाल कोणीही फी घेत नाही. फोन कापा, तो नंबर त्याच तक्रारीत जोडा आणि *#२१# पुन्हा एकदा तपासा.